काटा स्थिर होईपर्यंत

"पहिलंच का?" वच्छलाबाईंनी विचारलं, आणि आत्याबाई म्हणाल्या, "पहिलंच."

एवढंच झालं. पोलिओचा डोस पाजायला अंगणवाडीच्या वच्छलाबाई दारात आल्या होत्या, खांद्याला निळी पेटी, हातात खडू. आत्याबाई म्हणजे माझ्या सासूबाई. त्यांनी पोरीला मांडीवर आडवी घेऊन तिचे गाल दोन बोटांत धरले होते. दोन थेंब पडले, पोरीनं तोंड वाकडं केलं, रडायचं की नाही याचा विचार केला आणि राहू दिलं. मी समोरच्याच खोलीत कॉम्प्युटरपुढे बसले होते. दार अर्धं उघडं होतं, त्यातून मला आत्याबाईंची पाठ दिसत होती आणि पोरीचा एक पाय. वच्छलाबाई म्हणाल्या, "शिवकांताबाई, जरा हलकंच वाटतंय हो लेकरू. अंगणवाडीत आणा की एकदा. वजन करू." आत्याबाई म्हणाल्या, "आमच्यात करत नसतेत." "अहो, कावून?" "न्हाई करत म्हनून." मग त्या पहिलंच का म्हणाल्या, आणि आत्याबाई पहिलंच म्हणाल्या, आणि वच्छलाबाईंनी भिंतीवर खडूनं काहीतरी खूण केली आणि शेजारच्या दारात गेल्या. मी की-बोर्डवरचा हात उचलला नाही. बोटं तिथंच राहिली, जशी एखाद्या गरम तव्यावर चुकून टेकतात आणि भाजल्याचं कळायला एक क्षण जातो. आत्याबाईंनी वळून माझ्याकडे पाहिलं असतं तर मी काहीतरी बोलले असते, असं मला आता वाटतं. त्या वळल्या नाहीत. पाठ तशीच राहिली, आणि मी समोरच्या पडद्याकडे पाहिलं, तर तिथं तोच निरोप आला होता. सकाळपासून कितव्यांदा, कोण जाणे.

निरोप असा की तुम्ही दिलेलं एक नाव मला सापडत नाही. कॉम्प्युटर हे फार शांतपणे सांगतो. माणूस सांगताना जसा खांदा उडवतो तसं त्यात काही नसतं. मी औरंगाबादच्या एका छोट्या कंपनीसाठी काम करते. लग्नाआधी तिथंच होते, नंतर परळीला आले, मग बाळंतपण, मग दुसरं बाळंतपण, आणि मधे जे झालं ते. मृत्युंजय सरांनी मला सोडलं नाही, हे त्यांचं मोठेपण किंवा त्यांची अडचण, दोन्हीपैकी काहीतरी. त्यांनी हा कॉम्प्युटर घरी पाठवला, सोबत त्यात बसवायचं एक कार्ड आणि एक छोटा इलेक्ट्रॉनिक काटा, किराणा दुकानात असतो तसा, स्टीलच्या पसरट ताटाचा. कंपनी बाजार समितीच्या काट्यांसाठी कार्ड बनवते. काट्यावर पडलेलं वजन कार्डामार्फत कॉम्प्युटरमध्ये यावं, असा सगळा खटाटोप. आजवर हे विकतच्या प्रणालीवर चालायचं. सरांना आता लिनक्सवर न्यायचं होतं, त्याची सीडी मासिकाबरोबर फुकट मिळते. लिनक्सचा एक गाभा असतो, त्याला कर्नेल म्हणतात. कार्डाशी बोलायचं तर आपल्या प्रोग्रामचा तुकडा त्या गाभ्याच्या आत जाऊन बसावा लागतो. बाहेर राहून चालत नाही. तर असे दोन तुकडे होते. एक सरांनी लिहिलेला, तो कार्डाला हात लावतो, कच्चा आकडा उचलतो. दुसरा माझा. माझ्याकडे काम होतं आकडा स्थिर करण्याचं. गोणी काट्यावर टाकली की आकडा झुलतो, वर जातो, खाली येतो, परत वर. त्यातला खरा कोणता? माझा तुकडा सरांच्या तुकड्याला पुन्हा पुन्हा हाक मारतो, आकडे मागून घेतो, झुलणं थांबेपर्यंत वाट पाहतो आणि मग एकच आकडा सांगतो. अप्पांनी, माझ्या सासऱ्यांनी, हे ऐकलं तेव्हा ते मोठ्यानं हसले होते. त्यांची सिरसाळ्याला अडत आहे. "झुलता काटा म्हंजे अडत्याची लक्षुमी, सूनबाई. तुमी तर आमच्याच पोटावर पाय द्यायला बसलाव." राजेश्वर, माझा नवरा, तोही हसला होता. त्या दिवशी घरात सगळे हसले होते, म्हणून ते माझ्या लक्षात आहे.

सरांचा तुकडा कर्नेलमध्ये गेला की निमूट बसत होता. माझा आत जायला निघाला की दारातच अडत होता, कारण तो ज्या नावानं हाक मारायचा ते नाव कर्नेलला माहीत नव्हतं. काटा_रीड. एवढं साधं नाव. मी स्पेलिंग पाहिलं, अक्षर अक्षर बोट ठेवून पाहिलं, शाळेत पाढे तपासायचे तसं. बरोबर होतं. सरांचा तुकडा आधी आत घातला होता ना, तेही पाहिलं. होता. दोघं एकाच कर्नेलसाठी बांधले आहेत ना? होते. आणि पडद्यावर तोच निरोप. अर्थ उघड आहे, ज्याला हाक मारता तो इथं नाही. मी खुर्चीवर मागे टेकले. पाठीत कळ आली, बाळंतपणापासून येते ती. खिडकीतून थर्मल वीजकेंद्राची धुराडी दिसत होती आणि दोरीवर वाळत घातलेल्या दुपट्यांवर राखेचा बारीक थर बसत होता. इथं रोज बसतो, कुणी झटकतसुद्धा नाही.

पहिलंच. आत्याबाई खोटं बोलत नाहीत. भाजीवाल्याशीसुद्धा नाही. म्हणजे त्यांच्या मनात ते खोटं नव्हतं. हेच मला पेलवत नव्हतं. खोटं बोलल्या असत्या तर त्या एका शब्दाच्या मागे कुठंतरी ती असती, लपवलेली तरी असती. मला फार काही नको होतं. फोटो नको, काही विधी नको. मला या घरात कुणीतरी तिला मोजायला हवं होतं. एकदा. कुणीही.

तिला जन्मल्यावर मोजलं होतं, ते एकदाच. दवाखान्यात एक स्प्रिंगचा काटा होता, त्याच्या खाली कापडाची झोळी. नर्सनं तिला झोळीत ठेवलं, ती झुलली, आकडाही झुलला, आणि नर्सनं मोठ्यानं आकडा वाचला, दुसरीनं तो लिहून घ्यावा म्हणून. त्यात कुणाची काही चूक नव्हती. खोलीत पाच-सहा बायका होत्या, त्यातली कुणीतरी म्हणाली, "आगं बाई, लई हलकं हाय गं." कोण म्हणाली तेही मला दिसलं नाही. माझ्या डोळ्यांपुढे झोळी होती आणि झोळीतून बाहेर आलेली एक मूठ. मूठ मिटलेली, जणू तिनं आत काही आणलं होतं आणि ते कुणाला दाखवायचं नव्हतं. आत्याबाई तेव्हा माझ्या उशाशी होत्या. त्यांनी पदराचा बोळा करून तोंडाला लावला होता. बारशाच्या आधीच ती गेली. पाळणा शेजारून मागून आणला होता, तो न टांगताच परत गेला. अप्पा आणि राजेश्वर तिला घेऊन गेले, बायका जात नाहीत, आणि परत येऊन त्यांनी अंगणात पाय धुतले. त्यानंतर घरात तिच्याबद्दल कुणी बोललं नाही. कठोरपणे नाही. सगळे माझ्याशी फार हळू वागत होते, ताटात तूप जास्त पडत होतं. मी एकदा राजेश्वरला विचारलं, कुठं ठेवलंत तिला. तो बराच वेळ बुटाची नाडी बांधत राहिला आणि म्हणाला, "ईश्वरी, ते नको काढू आता." नाव नव्हतं ना तिला. नाव नसलेल्याबद्दल बोलायला वाक्यच सुरू करता येत नाही. ती, म्हणजे कोण? बाळ, म्हणजे कुठलं?

पण होतं तिला नाव. मी ठेवलं होतं, मनात, सातव्या महिन्यातच. कुणाला सांगितलं नव्हतं, कारण बारशाआधी सांगत नाहीत. मग सांगायचं राहिलंच. कधीकधी प्रोग्राम लिहिताना एखाद्या जागी नाव द्यावं लागतं, काहीही चालतं, आणि तेव्हा ते बोटांवर येतं. मी एकदाही घातलं नाही. ज्या जागी पुढं कुणीतरी दुरुस्ती करणार, खोडणार, तिथं तिला ठेवायचं माझ्यानं झालं नाही.

आणि मग ही झाली. हिला आत्याबाईंनी दवाखान्यात काट्यावर घालूच दिलं नाही. नर्सशी त्या अशा भांडल्या की मी पांघरुणात तोंड लपवलं. "न्हाई म्हनलं ना! तोललं की नजर पडती. लेकरू हाय, गूळ न्हाई." घरी आल्यावर बारसं केलं नाही. दात आल्यावर पाहू म्हणाल्या. तोवर धोंडी. दगडाला कोण नजर लावतं, दगड कुणाला हवा असतो. "धोंडे, ए धोंडे, उठलीस का गं," असं त्या इतक्या लाडानं म्हणतात की नवखं माणूस चक्रावेल. मीही म्हणायला लागले. धोंडी हसते. तिला ते आवडतं.

आत ती रडायला लागली, तेव्हा मी उठले. दोन खोल्या ओलांडून स्वयंपाकघराच्या दारापर्यंत गेले आणि तिथंच थांबले. आत्याबाई खिडकीशी उभ्या होत्या, माझ्याकडे पाठ करून. त्यांच्या डाव्या हातावर धोंडी होती, उताणी, पाय झाडत. आणि उजव्या हातात पासरी होती, जुनं पाच शेराचं लोखंडी माप, अडतीतून केव्हाच बाद झालेलं, ज्यानं आम्ही दार वाऱ्यानं आपटू नये म्हणून अडवून ठेवतो. त्यांनी पोरीला किंचित वर उचललं, मग पासरीला वर उचललं. परत पोरीला. डोळे मिटलेले असावेत, मान तशी खाली होती. अडत्याची बायको, चाळीस वर्षं धान्याच्या राशीत वावरलेली, तिचे हात काट्यासारखे आहेत असं अप्पा म्हणतात. मला कळलं की हे आजचं नाही. पासरी रोज सकाळी दारापासून हललेली असते आणि मी समजायचे की झाडताना हलली. मी दोन पावलं मागं आले, पायानं मुद्दाम भांड्याला धक्का दिला, आणि मग आत गेले. पासरी खाली होती. "भूक लागली तिला," आत्याबाई म्हणाल्या. "घे. आन् ते डबडं बंद कर थोडा वेळ."

मी तिला पाजायला घेतलं आणि तशीच परत कॉम्प्युटरपुढे येऊन बसले. एका हातानं टाइप करता येतं, हळू येतं, पण येतं. दूध येताना डोक्यात एक सुस्ती चढते, विचार पातळ होतात. अशा वेळी मी चुका करते आणि अशाच वेळी मला दिसतंही. मी सरांचा बांधलेला तुकडा उघडला आणि त्याच्या पोटात कुठली कुठली नावं आहेत ती यादी काढली. काटा_रीड तिथं होतं. स्पष्ट, सरांनी लिहिलं तसं. मग कर्नेल ज्यांना ओळखतो त्या सगळ्या नावांची यादी काढली. ती लांबलचक असते, वर सरकत जाते, परक्यांच्या लग्नातल्या पंगतीसारखी. शोधलं. तिथं ते नव्हतं. मी दोनदा पाहिलं. म्हणजे ते आत होतं. घरात होतं, जागेवर होतं, काम करायला तयार होतं. फक्त त्याचं नाव बाहेर कुणाला सांगितलेलं नव्हतं. धोंडी पिता पिता झोपली. दुधाचा एक थेंब तिच्या ओठाच्या कोपऱ्यात राहिला होता. मला उपमा आवडत नाहीत, यंत्र यंत्राचं असतं. तरी मी त्या दोन याद्यांकडे पाहत राहिले.

आत्याबाई पोरीला न्यायला आल्या. पडद्याकडे पाहून म्हणाल्या, "काय अडलंय ह्याचं सकाळपासून? तोंड उतरलंय तुझं."

"दोन तुकडे आहेत, आत्याबाई. एक काट्याशी बोलतो. दुसरा त्याला हाक मारतो. हाक पोचत नाही."

"मंग पैला घरात न्हाई का?"

"घरातच आहे."

"मंग ओ कावून देईना?"

"त्याचं नाव बाहेर सांगितलेलं नाही कुणी."

"तुझे अप्पा बी घरात असून ओ देत न्हाईत," असं म्हणाल्या, पण हसल्या नाहीत. पोरीला खांद्यावर घेतलं. जाताना त्यांचा हात तिच्या पाठीवरून असा फिरत होता, जणू त्या काही मोजत होत्या आणि आकडा चुकत होता.

मी सरांना फोन लावला. औरंगाबादची लाइन लागायला वेळ लागला. त्यांना म्हटलं, सर, तुमच्या फाइलच्या शेवटी एक ओळ आहे, या तुकड्यातलं कुठलंच नाव बाहेर सांगू नका अशी. "हो," सर म्हणाले, "मीच टाकली ती. कर्नेलमध्ये शेकड्यानं लोकांची नावं असतात, ईश्वरी. आपल्या नावाची कुणाशी टक्कर झाली की सगळं मशीन बसतं. एकदा झालंय माझं तसं, गिऱ्हाइकाच्या समोर. तेव्हापासून मी झाकूनच ठेवतो." मी विचारलं, काढून टाकू का ओळ? ते म्हणाले, "सगळंच उघडं नका टाकू. जे एक नाव लागतं तेवढं सांगा. बाकी राहू द्या झाकलेली." मग म्हणाले, "बाळ कसं आहे?" मी म्हटलं, बरी आहे. "नाव काय ठेवलं?" "अजून नाही ठेवलं, सर." "अहो ठेवा की!" आणि फोनमध्ये खरखर झाली. फोन ठेवल्यावर मी तिथंच बसून राहिले. सरांनी भीतीपोटी झाकलं होतं. एकदा सगळं कोसळलेलं पाहिलं होतं म्हणून. इतका वेळ मी त्या ओळीवर चिडले होते, आणि आता चीड धरायला जागा उरली नाही. झोळी, झुलता आकडा, आणि उशाशी पदराचा बोळा तोंडाला लावून उभी असलेली बाई. मी तेव्हा मुठीकडे पाहत होते. आत्याबाई कुठं पाहत होत्या, हे मी कधी विचारलंच नव्हतं. माझ्या मनात त्या कायम पाठमोऱ्याच राहिल्या होत्या.

ओळ बदलली. त्या जागी एकच नाव बाहेर सांगणारी ओळ लिहिली. परत बांधलं, परत आत घातलं. निरोप तोच. मला रडू यायच्या बेतात होतं, खरंच, इतक्या क्षुल्लक गोष्टीवर. दमलेल्या माणसाला रडायला कारण लहानच लागतं. मग कर्नेलवरच्या पुस्तकाची पानं चाळताना दिसलं की नुसतं शेवटी सांगून भागत नाही. फाइलच्या अगदी वर, बाकी काहीही सुरू व्हायच्या आधी, आपण नाव सांगणार आहोत अशी एक ओळ लिहून ठेवावी लागते. ती नसेल तर खाली केलेलं सांगणं कुणी ऐकतच नाही. ती ओळ घातली. बांधलं. सरांचा तुकडा आत गेला. माझा गेला. पडद्यावर काहीच आलं नाही. यश असंच असतं इथं, काही न बोलणारं. मी कर्नेलची नावांची यादी परत काढली आणि पंगतीत शोधलं. काटा_रीड. बसलं होतं.

मी काट्याच्या ताटात तूरडाळीची पिशवी ठेवली. आकडा उडाला, झुलला, आणि थांबला. पण पिशवीचं काय, ती ठेवली की मेल्यासारखी पडते. तिचं झुलणं खोटं. मी पिशवी हातानं हलवून पाहिली. समाधान होईना. संध्याकाळच्या बसचा ड्रायव्हर धुळाजी फ्लॉपी औरंगाबादला नेणार होता, सर उद्या ती गिऱ्हाइकाला दाखवणार होते, आणि मी डाळीची पिशवी हलवत बसले होते. मागं चाहूल लागली. आत्याबाई दारात उभ्या होत्या. कडेवर धोंडी, टक्क जागी.

"जमलं का?"

"जमलं. आता झुलतं वजन पाहिजे. डाळ झुलत नाही."

त्या आत आल्या. काट्याजवळ उभ्या राहिल्या. ताटाच्या स्टीलमध्ये त्यांची साडी वाकडी दिसत होती. "हातानं न्हाई समजत आता मला," त्या म्हणाल्या. "पैले समजायचं. सकाळी वच्छला म्हनली हलकं. मला बी तसंच वाटतंय. मंग वाटतंय न्हाई. उगं पासरी घेऊन किती दिवस उभी ऱ्हाऊ?" त्यांनी खांद्यावरचं दुपटं काढलं, चौपदरी केलं, ताटावर अंथरलं. थांबल्या. माझ्याकडे न पाहता म्हणाल्या, "मोठ्यानं वाचू नको." आणि धोंडीला ताटात ठेवलं.

तिला थंड लागलं असावं. तिनं पाय झाडले, पाठ उचलली, हात हवेत फेकले, पडद्यावरच्या आकड्यांचं रान झालं. वर, खाली, फार वर, परत खाली. आत्याबाईंचा हात तिच्यापासून वीतभर अंतरावर, न टेकवता, तसाच धरलेला. मी माझा तुकडा पाहत होते. तो हाक मारत होता, आकडा घेत होता, नाकारत होता, परत हाक मारत होता. घाई नव्हती त्याला. धोंडीला पंखा दिसला. ती त्याच्याकडे पाहत राहिली, एक पाय वरच्या वर विसरलेला, आणि आकडे जवळ जवळ यायला लागले, आणि एक आकडा उरला.

आत्याबाईंना इंग्रजी आकडे वाचता येत नाहीत. त्या पडद्याकडे बराच वेळ पाहत राहिल्या. ओठ हलले. मग इतक्या हळू बोलल्या की मला वाटलं धोंडीशी बोलतायत.

"थोरलीपेक्षा जास्त हाय ना?"

मी त्यांच्याकडे पाहिलं. या वेळी त्या पाठमोऱ्या नव्हत्या. डोळे कोरडे होते, थकलेले, आणि माझ्यावर रोखलेले. त्या उत्तराची वाट पाहत होत्या, आणि मला कळलं की वाट आजची नाही. रोज सकाळी, खिडकीशी, डोळे मिटून, एका हातात पासरी धरून त्या कुणाला आठवत होत्या. पासरी नव्हती ती.

"हो," मी म्हटलं. "कितीतरी जास्त. आपली धोंडी चांगली भरली आहे."

"हं." त्यांनी श्वास सोडला. तो बराच वेळ सुटत राहिला. "मी कुनाला सांगत न्हाई. दोन म्हनलं की लोक इचारतेत, दुसरी कुठंय. मंग परत सगळं सांगावं लागतंय. माझ्यानं न्हाई होत, पोरी."

"रुद्राणी," मी म्हटलं. आवाज माझा वाटला नाही, बराच काळ बंद असलेली खोली उघडावी तसा आला. "थोरलीचं नाव. मी ठेवलं होतं."

त्यांनी धोंडीला ताटातून उचललं आणि छातीशी धरलं. तिच्या टाळूवर हनुवटी टेकवली. "रुद्रानी," त्या म्हणाल्या, त्यांच्या पद्धतीनं, आणि मग एकदा आणखी, जरा मोठ्यानं, जणू ती आतल्या खोलीत असेल आणि तिला ऐकू जायला हवं. धोंडीनं मान वळवून त्यांच्या तोंडाकडे पाहिलं.

ताट रिकामं झालं होतं. दुपट्यावर तिच्या पाठीचा खळगा राहिला होता. पडद्यावरचा आकडा मात्र तिथंच होता. वजन उतरलं हे माझ्या तुकड्याला लगेच पटत नाही. तो हाक मारतो, विचारतो, परत विचारतो, आणि मगच शून्यावर येतो. तो मी तसाच लिहिला होता. बाहेर धुळाजीच्या बसचा हॉर्न वाजला. मी आकडा उतरेपर्यंत बसून राहिले.